विद्यार्थ्याचे वसतिगृह आणि घरची काटकसर

(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



ह्या समारंभात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही त्यांनी मजवरच सोपविले. अशा प्रसंगी वक्त्याने परिश्रम, ध्येय आणि चारित्र्य ह्यांवर उपदेश करावा असा प्रघात आहे. तो उपदेश मी पस्तीस वर्षे वर्गात केला. त्याचे फळ काय मिळाले, ते माझे जे जुने विद्यार्थी ह्या मंडपात बसले आहेत त्यांनाच विचारावे. आज मी ह्याहून पुष्कळ क्षुल्लक वाटणारा विषय घेतला आहे. विद्यापीठाच्या आवारात राहणारा आपला मुलगा किंवा मुलगी तेथील पाणी, वीज आणि अन्न कशी वापरते, एवढाच तो विषय आहे.

हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. यंदा आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील वसतिगृहांत राहावयास गेली. घर सोडून गेलेली ही कित्येक कुटुंबांतील पहिलीच पिढी होय. दुसरे असे की, मंडळाने स्वतःचे विद्यार्थी-वसतिगृह उभारण्याचा संकल्प सोडला आहे व त्याचा नकाशा बाहेरच्या फलकावर लावलेला आपण येताना पाहिलाच असेल. त्या नकाशाविषयीही मला शेवटी थोडे बोलावयाचे आहे.

आपली भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. येथील माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. माझ्या वडिलांचे चार माग होते. कांडीवर उरलेले सूत त्यांनी कधी फेकले नाही. ते उतरवून घेण्याचे काम आम्हां भावंडांकडे असे, आणि एखादी कांडी सुतासकट कचऱ्यात सापडली तर त्या रात्री घरातील वातावरण कसे असे, ते मी सांगत बसत नाही. विजेचे युनिट म्हणजे काय हे मी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचण्यापूर्वीच घरच्या बिलावर वाचले होते. तीच रीत स्वयंपाकघरात. तांदळाचे धुवण शेजारच्या म्हशीला, आंघोळीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला, चुलीतील राख भांड्यांना, जुनी लुगडी गोधडीला. ह्या सर्वाला 'पर्यावरणाचे रक्षण' असे भारदस्त नाव आहे हे माझ्या आईला ठाऊक नव्हते. वस्तू वाया घालवू नये, एवढेच तिला ठाऊक होते.

आता एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

१९७२ च्या दुष्काळाचे ते वर्ष. मी देशावरच्या एका शहरात वसतिगृहात राहून शिकत होतो. शहराबाहेर दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडीत होती, त्यांच्या मुलांना सुकडी वाटली जात होती. आमच्या खाणावळीत परदेशातून आलेल्या मिलोची भाकरी असे आणि ती आम्ही मुले नाक मुरडून ताटात टाकून उठत असू. खाणावळीच्या अंगणात हात धुण्यासाठी एक नळ होता. तो पुरता बंद होत नसे. दिवसरात्र त्यातून करंगळीएवढी धार चालू असे, आणि तिच्याकडे पाहण्याची आमच्यापैकी कोणालाही कधी गरज वाटली नाही.

एके दिवशी आई मला भेटावयास आली. एस.टी.च्या दोन गाड्या बदलून, फडक्यात बांधलेला लाडवांचा डबा घेऊन ती आली. मी तिला अंगणात बसविले आणि साहेबांची परवानगी आणण्यासाठी आत गेलो. परत येऊन पाहतो तो तिने डब्याच्या फडक्याची एक पट्टी फाडली होती आणि नळाच्या तोंडाशी वाकून ती त्याला घट्ट बांधीत होती. भोवती पाच-सहा मुले हसत उभी होती. त्यांतील एकाने मला विचारले, "ही बाई कोण रे?" आणि मी म्हणालो, "आमच्या गावच्या एक बाई आहेत."

तिने ते ऐकले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. तिने डबा माझ्या हाती दिला, जेवणाची चौकशी केली, आणि जाताना एवढेच म्हणाली, "तो नळ नीट करून घ्या रे, पट्टी दोन दिवस टिकेल." ती पट्टी दोन नव्हे, चांगली आठ दिवस टिकली. पुढे कोणीतरी ती सोडून टाकली.

पुढे मी स्वतःच अकरा वर्षे एका वसतिगृहाचा व्यवस्थापक होतो आणि तेव्हा ह्या गोष्टीचा शांतपणे विचार करण्यास मला पुरेसा वेळ मिळाला. घरी बादलीभर पाणी जपणारा मुलगा वसतिगृहात नळ उघडा टाकून दात का घासतो? तो वाईट नसतो. तेथील नळाला त्याच्या दृष्टीने मालक नसतो. बिल कोणाला येते, किती येते, कोण भरते, हे त्याला कधीच दिसत नाही. घरी वडिलांच्या कपाळावरची आठी हाच मीटर होता. येथे मीटर कुलूपबंद खोलीत असतो. शिवाय आणखी एक नाजूक कारण आहे. शहरात आलेल्या मुलाला आपल्या घरच्या चालीरीतींची लाज वाटू लागते. दिवा मालवणे, ताटात न टाकणे, पाठकोरा कागद वापरणे, ही सर्व त्याला गरिबीची खूण वाटते, आणि ती खूण पुसून टाकण्याची त्याला घाई असते. मी हे दुसऱ्यांविषयी बोलत नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

पाण्याचा विषय निघाला आहे, तर तो थोडा सविस्तर मांडतो. कारण मुंबईतील वसतिगृहाच्या नळाला जे पाणी येते, ते आपल्या दारावरून जाते. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी एवढे दोनच काय ते मुंबईच्या हद्दीत आहेत. बाकीचे सर्व बाहेर. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. ते आणि भातसा दोन्ही आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातील. भातसेचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते, आणि ही दोन्ही ठिकाणे आपल्या भिवंडी तालुक्यात आहेत. तानसेच्या अजस्र जलवाहिन्या आपल्यापैकी कित्येकांनी शेतावर जाता-येता पाहिल्या आहेत. लहानपणी त्यांच्यावरून चालण्याची पैजही पुष्कळांनी मारली असेल. आणि ज्या शहापुरात ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे तेथील लोक म्हणतात ते उगाच नव्हे.

आपल्या ज्ञातीतील एक मुलगी अशाच एका गावची आहे. ती आज ह्या मंडपात बसली आहे, म्हणून तिचे नाव घेऊन मी तिला संकोचात टाकीत नाही. ती एका मोठ्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली आणि तेथील वसतिगृहात राहू लागली. पहिल्याच महिन्यात तिला मैत्रिणींनी 'टँकर' असे नाव ठेवले. कारण ती येता-जाता दुसऱ्यांनी उघडे टाकलेले नळ बंद करीत असे. थट्टेने मनाला किती लागते, हे वयाने मोठी झालेली माणसे विसरतात. दिवाळीला घरी आली तेव्हा ती आईला म्हणाली, की मला परत जावयाचे नाही. तिच्या वडिलांनी मला बोलाविले. मी गेलो, परंतु तिला काय सांगावे हे मला सुचेना. अखेर, जी गोष्ट मी आता आपणांस सांगितली तीच मी तिला सांगितली.

ती परत गेली. तिने एक वही घेतली आणि एका रविवारी आपल्या मजल्यावरचे सर्व नळ तपासले. जे गळत होते त्यांतील एका नळाखाली तिने रात्री झोपताना पंधरा लिटरची बादली ठेवली. पहाटे उठून पाहते तो बादली काठोकाठ भरलेली. आठ तासांत पंधरा, म्हणजे चोवीस तासांत पंचेचाळीस लिटर. नगरात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते असे नियोजनात धरले जाते. म्हणजे असे तीन नळ गळले की एका विद्यार्थिनीचे दिवसाचे सगळे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता गटारात जाते. ही आकडेमोड तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून नळाच्या वर चिकटविली. कार्यालयात अर्ज दिला. तो तेथे नियमानुसार पडून राहिला. मग तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी (ह्यांतील एक, तिला 'टँकर' म्हणणारी) वर्गणी काढून वायसर आणले आणि वसतिगृहाच्या प्लंबरकाकांना चहा पाजून ते बसवून घेतले. एका वायसरची किंमत काही रुपये. चहाचा खर्च त्याहून अधिक आला, असे ती मला म्हणाली.

आपण म्हणाल की, विद्यापीठांनी ह्याविषयी काही केलेच नाही काय? केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या एका निर्णयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचा आदेश झाला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही तयार केला. मुले तो पाठ करतात, परीक्षा देतात आणि खोलीतील पंखा चालू ठेवून परीक्षेला जातात. वनमहोत्सवाचेही तेच. १९५० साली कन्हैयालाल मुनशी ह्यांनी त्याचा प्रारंभ केला तो सद्हेतूने. परंतु एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावून छायाचित्र काढण्याचा चमत्कार मी अनेक महाविद्यालयांच्या आवारात पाहिला आहे.

तथापि मनापासून केलेल्या कामाचे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने ते आवर्जून पाहावे असे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व साहाय्य देऊन त्या नगरीला वसतिगृहांची जननी केले. आपल्या आजच्या संकल्पाचे मूळ शोधू गेल्यास ते तेथे सापडेल. त्याच कोल्हापुरात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे विद्वान. परंतु त्यांच्या वाट्याला आला तो साडेआठशे एकरांचा उघडा माळ. त्या माळावर झाडे वाढविली गेली, आणि पुढील काळात आवारात पडणारे पावसाचे पाणी आवारातच तळ्यांत व विहिरींत अडवून विद्यापीठाने महानगरपालिकेच्या पाण्यावरचे आपले अवलंबन फार मोठ्या प्रमाणावर कमी केले. मी ते आवार पाहिले आहे. तेथे विशेष यंत्रसामग्री अशी काही नाही. उतार कोठे आहे हे पाहून पाणी अडविले आहे. जे कोणत्याही शेतकऱ्याला कळते, ते एका विद्यापीठाने करून दाखविले.

ह्याहून जुने उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे. साताऱ्यास १९२४ साली त्यांनी स्थिर केलेल्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि पाणी भरण्यापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. ज्याने विहिरीवरून घागर आणली आहे, तो ती उपडी करताना विचार करतो. (जाता जाता मंडळाला एक नम्र सूचना : आपल्या वसतिगृहातही काही जागा इतर समाजांच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात. ह्यावर मतभेद होतील, हे मी जाणून आहे.)

विजेविषयी थोडक्यात सांगतो, कारण भिवंडीकरांना तिचे गणित मजहून चांगले येते. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. खोलीत कोणी नसताना तो आठ तास फिरला, तर ६०० वॅट-तास, म्हणजे सहादशांश युनिट झाले. शंभर खोल्यांच्या वसतिगृहात असे रोज घडले तर साठ युनिटे होतात, आणि औष्णिक केंद्रात तेवढ्यासाठी अंदाजे चाळीस किलो कोळसा जाळावा लागतो. रिकाम्या खोल्यांना वारा घालण्यासाठी रोज एक पोते कोळसा! नव्या प्रकारचे पंखे तीस-पस्तीस वॅटमध्ये तितकाच वारा देतात. किमतीने महाग आहेत, पण मागवाला जसा हिशेब करतो तसा केला तर फरक काही वर्षांत भरून निघतो. मात्र सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मुंबई विद्यापीठाचे कोटातील सभागृह १८७४ साली पुरे झाले आणि राजाबाई मनोरा १८७८ साली. त्या काळच्या बांधकामात उंच छते आणि सावलीचे व्हरांडे असत. आज आपल्या कोकणच्या दमट उन्हात काचेच्या बंद पेटीसारखे वर्ग बांधावयाचे, मग ते थंड करण्यासाठी यंत्रे बसवावयाची, आणि मग विद्यार्थ्याला दिवा मालवण्याचा उपदेश करावयाचा, ह्याला काय म्हणावे?

राहिले अन्न. खाणावळीच्या मागील पिंपात काय पडते ते मी अकरा वर्षे रोज पाहिले आहे. त्यावर उपाय आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे ह्यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात स्वयंपाकघरातील ओला कचरा घालून गॅस आणि खत दोन्ही मिळतात, आणि तो गॅस पुन्हा चुलीला चालतो. उपाय उत्तमच आहे. परंतु माझा अनुभव असा, की वाढपी जेव्हा "किती वाढू?" असे विचारून अर्धी मूद वाढतो आणि मागेल त्याला पुन्हा देतो, तेव्हा पिंप निम्म्याने रिकामे राहते. ह्याला कोणतेही संयंत्र लागत नाही. वाढप्याला थोडा मान द्यावा लागतो. आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनात थर्माकोलच्या ताटल्या असत, त्या २०१८ च्या राज्य सरकारच्या बंदीनंतर गेल्या आणि पत्रावळी परत आल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. पत्रावळीवर टाकलेले अन्न मात्र थर्माकोलवर टाकलेल्या अन्नाइतकेच वाया जाते, हे आज रात्री पंक्तीत बसताना ध्यानात असू द्यावे.

आता त्या नकाशाकडे वळतो. नकाशा सुबक आहे, दर्शनी भाग भव्य आहे, दात्यांच्या नावांसाठी संगमरवरी फलकाची जागा आहे. पावसाच्या पाण्यासाठी मात्र त्यात एकही नळी दाखविलेली मला आढळली नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात सर्वसाधारण वर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर तेवढा पाऊस म्हणजे दोन लक्ष लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी एक लक्ष साठ हजार लिटर उरते. दरडोई १३५ लिटर ह्या मानाने ते चाळीस विद्यार्थ्यांना जवळजवळ महिनाभर पुरेल. आणि नकाशातील गच्ची शंभर चौरस मीटरांहून पुष्कळ मोठी आहे. एवढे पाणी साठविण्याची टाकी बांधणे परवडणार नाही, असे आक्षेपक म्हणतील, आणि ते खरे आहे. म्हणून मी एवढेच सुचवितो, की पावसाळ्याच्या चार महिन्यांत संडासासाठी व धुण्यासाठी पुरेल एवढी मध्यम टाकी करावी, आणि उरलेले पाणी गाळून आवारातील जुन्या विहिरीत सोडावे. ती विहीर बुजवून तेथे वाहनतळ करण्याचे नकाशात दाखविले आहे. विहीर बुजवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कामवारी नदीचे काय झाले ते आपण सर्व जाणतो. वऱ्हाळदेवीच्या तलावाने ह्या गावाची तहान किती वर्षे भागविली, तेही जाणतो. आपल्या हातची एक विहीर तरी राखू या.

दुसरी सूचना मीटरविषयी. प्रत्येक मजल्याला पाण्याचा आणि विजेचा स्वतंत्र मीटर असावा आणि तो कुलपाआड न ठेवता जिन्यापाशी, येता-जाता दिसेल असा लावावा. शेजारी एक फळा असावा आणि मुलांनीच दर रविवारी त्यावर आकडा लिहावा. दंड नको, बक्षीसही नको. मुलांना आकडा दिसू द्या. पुढचे ती आपसांत पाहून घेतील. अकरा वर्षांत मी जे करू शकलो नाही, ते एका मुलीच्या पाठकोऱ्या कागदाने केले, म्हणून हे सुचविण्याचे धैर्य करतो.

टाकीचा आणि विहिरीच्या डागडुजीचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नाही, ह्याची मला जाणीव आहे. त्यासाठी माझ्याकडून एक रक्कम मी आज सकाळीच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे. पावती माझ्या आईच्या नावाने करावी, असे मी त्यांना सांगितले असून तिचे संपूर्ण नाव कागदावर लिहून दिले आहे.

बक्षीस घेण्यासाठी मुले केव्हाची ताटकळत बसली आहेत.